बुचाची फळी

काकासाहेब बोडखेच्या नावात साहेब होता, तेवढाच. बाकी सगळा माणूस टॅक्सीवाला. वैजापूरकडच्या कोरडवाहू गावातून विशीत तो औरंगाबादेत आला, हॉटेलांच्या दारात उभ्या राहणाऱ्या एका टुरिस्ट टॅक्सीचं चाक हातात धरलं, आणि पन्नाशी उलटून गेली तरी ते सोडलं नाही. दौलताबाद, वेरूळ, अजिंठा हे त्याचं जग. पाहुणा जर्मनीचा असो की जालन्याचा, काकासाहेब त्याला लेणी दाखवायच्या आधी आपल्या अँबेसिडरच्या टपावरचं कॅरिअर दाखवायचा. त्या कॅरिअरवरून त्यानं लोखंडी कपाट नेलं होतं, वऱ्हाडाची भांडी नेली होती, आणि एकदा नवसाचा जिवंत बोकड सिल्लोडपर्यंत नेला होता. बोकडानं सगळ्या वाटेत हूं की चूं केलं नव्हतं. याचं श्रेय काकासाहेब आपल्या गाठीला द्यायचा.

"माझी गाठ सुटत नसती," तो म्हणायचा. "सोडावी लागती. अन् सोडाया बी मीच लागतो."

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला एक गोरा पाहुणा त्याच्या गाडीत बसला. पोर्तुगालचा. नाव पेद्रो. काकासाहेबाच्या जिभेवर ते बसेना, म्हणून त्यानं त्याचे पेढेराव केले आणि पाहुण्यानंही ते हसून चालवून घेतलं. पेढेरावांना अजिंठा बघून तसंच पुढं जळगावला रेल्वे गाठायची होती, तिथून नेपाळात डोंगर चढायला जायचं होतं. म्हणून सगळं सामान बरोबर. त्या सामानात माणसापेक्षा उंच अशी एक फळी होती. दोन्ही टोकांना निमुळती, मधे फुगीर, वरून तपकिरी ठिपक्याठिपक्यांची.

"हे काय?" काकासाहेबानं हातानं विचारलं.

पेढेरावांनी एक फोटो काढून दाखवला. फोटोत समुद्राची हिरवी भिंत उभी होती आणि त्या भिंतीवर, ह्याच फळीवर, पेढेराव दोन्ही हात पसरून उभे होते. काकासाहेबानं समुद्र जन्मात पाहिला नव्हता. त्यानं तो फोटो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि परत दिला.

"काका, केअरफुल," पेढेराव फळीवर हात ठेवून म्हणाले. "आय मेक. माय हँड."

"डोन्ट वरी," काकासाहेब दोर ओढत म्हणाला. "माय गाठ. नो ओपन."

आणि गाठ सुटली नाही, हे काकासाहेब पुढं आयुष्यभर सांगत राहिला. अजिंठ्याच्या घाटात कापसाचा एक ट्रक भसकन बाजूनं गेला, त्याचा वारा फळीखाली शिरला, आणि दोर तुटला. गाठ कॅरिअरला जशीच्या तशी घट्ट होती. फळी तेवढी घारीसारखी वर उठली, वळणावर दोन गिरक्या मारून रस्त्याच्या मधोमध आडवी झाली. काकासाहेब ब्रेक मारून खाली उतरतोय तोवर खालच्या अंगानं म्हशींचा एक कळप आला. म्हशींनी वाट बदलली नाही. शेवटच्या म्हशीला तर ती जागा आवडली. ती फळीवर चारी पाय देऊन उभी राहिली, तिनं चहूकडे शांतपणे पाहिलं, शेण टाकलं आणि मग ती गेली. उरलंसुरलं काम मागून आलेल्या कापसाच्या दुसऱ्या ट्रकनं केलं.

पेढेराव कठड्यावर बसले. काकासाहेबाला वाटलं, हा आता रडतोय, नाहीतर आपल्याला घाटाखाली ढकलतोय. पण पेढेरावांनी तुकड्यांकडं पाहिलं, शेणाकडं पाहिलं, लांब चाललेल्या म्हशीकडं पाहिलं, आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नो प्रॉब्लेम, काका," ते म्हणाले. "नो प्रॉब्लेम."

शिव्या दिल्या असत्या तर काकासाहेबानं गिळल्या असत्या. हे 'नो प्रॉब्लेम' काही त्याच्या घशाखाली उतरेना. फर्दापूरला चहा घेतला तरी ते तिथंच अडकलेलं. जळगावच्या स्टेशनावर पेढेरावांची पिशवी उतरवताना शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "यू गो नेपाळ. यू कम दिवाळी. आय मेक. सेम टू सेम."

"यू? मेक?"

"आय मेक," काकासाहेब छातीवर हात मारून म्हणाला. पेढेरावांनी त्याला गच्च मिठी मारली. मिठीतून सुटल्यावर काकासाहेबाच्या लक्षात आलं, की आपण काय बोलून बसलो.

तुकडे त्यानं फेकले नाहीत. नमुना पाहिजेच होता. डिकीत मावेनात, म्हणून ते पांढऱ्या चादरीत नीट गुंडाळून टपावर बांधले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो पहाडसिंगपुऱ्यातल्या आपल्या घरी आला. दाराशी शेजारची सरूबाई गहू निवडत बसली होती. टपावर पांढऱ्या कपड्यात बांधलेलं लांबडं काहीतरी आणि पुढं चाकावर तोंड पाडून बसलेला काकासाहेब, एवढं तिला पुरलं. तिनं सूप टाकलं आणि हंबरडा फोडला.

"द्वारके! अगं कोण गेलं गं!"

काकासाहेबाला दार उघडायलाही सवड मिळाली नाही. गल्ली गोळा झाली. दोघांनी टोप्या चढवल्या, एकजण मडकं आणायला धावला. काकासाहेबाची बायको द्वारकाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली, गर्दीतून वाट काढत तिनं चादरीचं टोक उचललं आणि आत वाकून पाहिलं.

"अवो, हे तर बाटलीचं बूच हाय," ती म्हणाली. "एवढं मोठं बूच कोणत्या बाटलीचं?"

मंडळी हिरमुसून घरोघर गेली. सरूबाई मात्र दोन दिवस बोलली नाही, कारण एवढं रडणं फुकट गेलं होतं.

जेवताना काकासाहेबानं सगळी हकीगत सांगितली. द्वारकाबाईनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"त्याच्यावर उभा ऱ्हातो? पाण्यात?"

"लाटंवर."

"पडत नाय?"

"पडतो की. पडला की परत चढतो."

"कशापायी?"

हे पेढेरावांना विचारायचं राहूनच गेलं होतं.

शहागंजच्या मागच्या गल्लीत मुख्तारचं कूलरचं दुकान होतं. फायबरची कूलरची खोकी तो स्वतः घडवायचा. काकासाहेबाची आणि त्याची दोस्ती दोघांच्या मिशा काळ्या होत्या तेव्हापासूनची. दोस्ती म्हणजे रोज भांडण, आणि भांडणानंतर एकाच बशीतला चहा. काकासाहेबानं तुकडे त्याच्या पुढ्यात मांडले. मुख्तारनं चष्मा कपाळावर चढवला.

"अंदर थर्माकोल है," तो बोटानं कुरतडत म्हणाला. "ऊपर काँच का कपडा, उसके ऊपर ये बूच, और ऊपर पतला फायबर. अरे काकासाब, ये तो कूलरच है, बस पानी अंदर के जगह बाहर है!"

"मंग जमंल?"

"हौ, कायको नै जमेगा!"

थर्माकोलच्या जाड लाद्या मोंढ्याकडच्या बर्फवाल्याकडून मिळाल्या. त्या एकावर एक चिकटवल्या. कापायला काकासाहेबानं जुन्या शेगडीची तार काढली, तिची दोन टोकं अँबेसिडरच्या बॅटरीला जोडली. तार लालबुंद झाली आणि थर्माकोल लोण्यासारखा कापला जाऊ लागला. दोघंही इतके खूश झाले की गरजेपेक्षा जास्तच कापत गेले. फळी मुळातल्या आकाराची झाली तेव्हा त्यांना थांबायचं सुचलं, पण तोवर तिचं एक टोक दुसऱ्यापेक्षा बारीक झालं होतं. मुख्तार म्हणाला, नाक आहे, नाक बारीकच असतं.

मग मुख्तारनं कूलरला लावायचं ते रसायन कालवलं आणि मोठ्या ऐटीत थर्माकोलवर ओतलं. चुर्र असा आवाज आला. वास सुटला. दोघांच्या डोळ्यांदेखत थर्माकोल आत आत जायला लागला. जिथं फळीचं पोट होतं तिथं आधी खळगा पडला, मग खड्डा झाला आणि खड्ड्यातून खालची फरशी दिसू लागली. रसायन थर्माकोल खात होतं.

"या अल्ला," मुख्तार म्हणाला.

"पुस ना त्याला!" काकासाहेब ओरडला.

मुख्तारनं पुसायला फडकं घातलं, तर फडकं चिकटलं. फडकं ओढायला हात लावला, तर हातही चिकटला. त्या दिवशी मुख्तार डाव्या हाताला वीतभर फडकं घेऊन घरी गेला. त्याच्या बायकोनं, वहिदानं, ते रॉकेलनं सोडवता सोडवता त्याला एवढं सुनावलं, की पुढचे आठ दिवस त्यानं फळीचं नाव काढलं नाही.

आठवड्यानं दुसऱ्या जातीचं, महाग रसायन मिळालं. ते थर्माकोल खात नव्हतं. ह्या खेपेला काम काकासाहेबाच्या घरी, ओसरीवर मांडलं; पुन्हा लाद्या आणल्या, पुन्हा तार तापली. आता प्रश्न बुचाचा होता. काकासाहेब गळ्यात तुळशीची माळ घालणारा. दारूच्या थेंबाला त्यानं कधी शिवलं नव्हतं. पण बूच म्हणजे बाटली, आणि बाटल्या म्हणजे मोठी हॉटेलं, एवढं त्याला कळत होतं. ओळखीच्या एका वाढप्याला त्यानं गाठलं, आणि रोज गाडी घरी लावताना त्याच्या खिशात दारूच्या बाटल्यांची बुचं भरलेली असायला लागली.

द्वारकाबाईनं एक दिवस धुण्यासाठी सदरा उचलला. नाकाशी नेला. आणि सरळ देवघरासमोर जाऊन बसली.

"माळ काढून ठेवा," ती म्हणाली. "एक तर माळ, नाय तर हे."

"अगं, पिली नाय! बुचं हायेत नुसती!"

"लोकं दारू पितात अन् बुचं फेकतात. तुम्ही बुचं आणता अन् दारू फेकता व्हय?"

काकासाहेबानं बुचं कापून फळीवर मांडून दाखवली तेव्हा तिचा विश्वास बसला. पण ती बघता बघता म्हणाली, "ह्या हिशोबानं तुमची फळी व्हायला आख्ख्या शहरानं वर्षभर पिऊन ऱ्हावं लागंल. शाळंत फळ्याशेजारी सूचना टोचायचा बोर्ड असतो, तो कशाचा असतो?"

काकासाहेब तसाच चपला घालून शहागंजात पळाला. शाळेचं सामान विकणाऱ्या कमरोद्दीनच्या दुकानात बुचाच्या गुंडाळ्या उभ्या होत्या, माणसाएवढ्या उंच. कमरोद्दीननं विचारलं, कोणत्या शाळेसाठी? काकासाहेब म्हणाला, पोर्तुगालच्या.

आता खरी मेख पुढं होती. बूच फळीला चिकटवायचं तर रसायन सुकेपर्यंत ते सगळीकडून सारखं दाबलं गेलं पाहिजे. फळीला पोट, फळीला बाक. दगड ठेवले तर बुचात खळगे पडले. ज्वारीची पोती ठेवली, तर ती घरंगळली. मुख्तार म्हणाला, वजन पाहिजे, पण मऊ वजन पाहिजे. तो हे म्हणाला तेव्हा काकासाहेबाच्या ओसरीवर गल्लीतलं भजनी मंडळ जमत होतं. सरूबाई, वच्छलाबाई आणि आणखी चौघीजणी. सगळ्या भरल्या अंगाच्या. काकासाहेबानं मुख्तारकडं पाहिलं. मुख्तारनं तोबा तोबा म्हणून कान पकडले, पण नाही म्हटलं नाही.

वाळूचं अंथरूण केलं, त्यावर फळी ठेवली. वर रसायन, रसायनावर बूच, बुचावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर सतरंजी. द्वारकाबाईनं बायकांना एका ओळीत बसवलं.

"उठायचं नाय," तिनं बजावलं. "आरती होईस्तोवर."

भजन रंगलं. वच्छलाबाईनं टाळ धरला होता, सरूबाई टोकाला बसून डोळे मिटून डोलत होती. तिच्या डोलण्यानं तिच्याखालचं प्लॅस्टिक सरकलं, हे कोणालाच दिसलं नाही. आरती झाली. सगळ्या उठल्या. सरूबाई उठली नाही. तिनं पुन्हा जोर केला, तर तिच्याबरोबर फळीचं शेपूटही उठलं.

"अगं बाई, मला कोणी धरलंय!" ती ओरडली.

मुख्तार तोंड फिरवून गल्लीत निघून गेला आणि तिथं भिंतीला टेकून खदाखदा हसला. द्वारकाबाईनं कात्री आणली. सरूबाईच्या हिरव्या लुगड्याचा तळहाताएवढा तुकडा बुचात कायमचा बसला, आणि त्यावर फायबरचा हात फिरला तेव्हा तो काचेखालच्या पानासारखा चमकायला लागला. सरूबाईला काकासाहेबानं नवं लुगडं घेतलं. ते तिनं बदलायला दुकानात दोनदा परत पाठवलं.

राहिले फळीच्या खालचे पर, मासोळीच्या पंखांसारखे. मुख्तारनं कूलरच्या पंख्याची दोन पाती काढून बसवली. "हवा काटती, तो पानी भी काटेगी," तो म्हणाला.

पावसाळा सरला, पैठणच्या धरणाचा नाथसागर काठोकाठ भरला, आणि फळी पाण्यात घालायचा दिवस आला. अँबेसिडर पैठणच्या रस्त्याला न जाता गंगापूरच्या अंगानं धरणाच्या फुगवट्याकडं गेली. मागं मुख्तार, पुढं द्वारकाबाई, वर फळी. पाण्याच्या काठावर उभं राहून काकासाहेबानं समोर पाहिलं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. वाऱ्यानं लहान लहान लाटा येत होत्या.

"चल," काकासाहेब मुख्तारला म्हणाला.

"मैं? मेरेकू तैरना नै आता."

"मला तरी कुठं येतंय! आमच्या गावाला विहीर बी कोरडी."

 सहा महिने खपताना हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. कोळ्यांची दोन-तीन माणसं जाळी सोडून मजा बघायला आली होती. काकासाहेब घोट्याएवढ्या पाण्यात गेला, परत आला, पुन्हा गेला.

"सरका," द्वारकाबाई म्हणाली. तिनं लुगड्याचा काचा मारला, पदर कमरेला खोचला, फळी पाण्यात ढकलली आणि कोणी काही म्हणायच्या आत ती तिच्यावर पालथी झाली. दोन्ही हातांनी पाणी मागं ओढत ती निघाली. काठावरच्या दोघांनी तोंडं उघडली ती उघडीच राहिली.

ती गंगथडीची. गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात. तिचं माहेर नदीच्या काठावर होतं आणि लग्न होईपर्यंत तिचा अर्धा दिवस पाण्यातच जायचा. काकासाहेबाला हे ऐकून माहीत होतं, पण ऐकणं वेगळं. पन्नाशीची बायको, नातवंडांची आजी, सुसरीसारखी पाणी कापत चालली होती. फक्त ती सरळ जात नव्हती. पंख्याच्या पात्यांना पीळ होता, त्यामुळं फळी उजवीकडं ओढ घ्यायची. द्वारकाबाई उजव्या हातानं जोर लावायची, फळी सरळ व्हायची, परत उजवीकडं वळायची. असं वेटोळं घालत घालत ती लांब गेली. मग एका जागी थांबली.

थांबली ती थांबलीच. फळीवर उठून बसली, पाय पाण्यात सोडले, आणि खाली बघत राहिली.

"द्वारके!" काकासाहेब ओरडला. "ये माघारी!"

ती हललीसुद्धा नाही. काकासाहेब गुडघ्याएवढ्या पाण्यात गेला. मग मांड्यांएवढ्या. मुख्तारनं मागून त्याचा सदरा धरला. "काकासाब, तुम डूबे तो भाभी मेरेकू छोडती क्या?"

ती आली तेव्हा काकासाहेबाचे ओठ पांढरे पडले होते. "काय बघत व्हतीस तिथं?" तो कावून म्हणाला.

द्वारकाबाईनं पदर पिळला. "खाली आमचं गाव हाय," ती म्हणाली.

धरण झालं त्या साली माहेर उठलं. माणसं वरच्या माळावर नव्या गावात गेली. माहेर उठत होतं म्हणून तिचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं, ती तेव्हा इकडंच होती. गाव बुडताना तिनं पाहिलं नव्हतं, आणि नंतर कधी कोणी तिला त्या पाण्यावर नेलं नव्हतं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण ती हे काकासाहेबाजवळ कधी बोलली नव्हती. काकासाहेबानंही विचारलं नव्हतं. तो तिथंच ओल्या धोतरात उभा राहिला. 

तीच मग म्हणाली, "फळी उजवीकडं ओढती. त्याला सांगा, दुरुस्त कर."

मुख्तारनं घरी येऊन पात्यांवर हातोडी चालवली. त्यानंतर फळी डावीकडं ओढायला लागली.

दर रविवारी अँबेसिडर गंगापूरच्या अंगाला जाऊ लागली. आणि दिवाळी होऊन तुळशीचं लग्न लागलं त्या सुमाराला, दाढी वाढलेले, उन्हानं काळवंडलेले पेढेराव दारात उभे राहिले. काकासाहेबानं त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही. सतरंजी ओढली, फळी उघडी केली, आणि बाजूला झाला.

पेढेरावांनी बुचावरून तळहात फिरवला. हिरव्या तुकड्याशी थांबले. मग दोन्ही हातांनी फळी उचलायला गेले, आणि "ओह" म्हणाले. फळी दोन माणसांचं ओझं झाली होती. मुख्तारनं कुठंही रसायनाची काटकसर केली नव्हती.

"स्ट्राँग," पेढेराव म्हणाले.

"व्हेरी स्ट्राँग," काकासाहेब म्हणाला. "म्हैस स्टँड, नो ब्रेक."

नाथसागरावर पेढेरावांनी ती चालवून पाहिली. उभे राहिले, डावीकडं गोल फिरले आणि पडले. काठावरून द्वारकाबाई ओरडत होती, "डावा हात मारा! डावा!" त्यांना कळत नव्हतं, ते पुन्हा चढत होते, पुन्हा पडत होते, आणि पाण्यातून डोकं वर काढून प्रत्येक वेळी हसत होते. मग द्वारकाबाईनं फळी घेतली आणि सरळ रेषेत लांबवर जाऊन आली. तिला त्या फळीची खोड माहीत झाली होती. पेढेराव काठावर बसून बघत राहिले. फळीकडं नाही, तिच्या तोंडाकडं.

निघायच्या दिवशी काकासाहेबानं फळी टपावर चढवली. द्वारकाबाईनं दशम्या आणि ठेच्याचा डबा पाहुण्याच्या हातात दिला, आणि आत निघून गेली. नेहमी ती पाहुण्याला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवायला यायची. पेढेराव डबा धरून उभे राहिले.

"काका," ते म्हणाले, "नॉट माय बोर्ड." आणि त्यांनी दाराकडं बोट केलं. "मॅडम बोर्ड."

काकासाहेबाला घाम फुटला. "नो नो! आय प्रॉमिस! सेम टू सेम!"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग द्वारकाबाईच दारात आली. "शब्द दिलाय तर द्या त्याला," ती म्हणाली. "मी काय अडवलंय?" पण म्हणताना तिनं फळीकडं बघायचं टाळलं.

काकासाहेबानं बायकोकडं पाहिलं, पाहुण्याकडं पाहिलं, आणि टपावर चढून दोर सोडायला लागला. "पेढेराव," तो वरून म्हणाला, "यू स्टॉप. वन मोर मेक."

पेढेराव आठवडाभर राहिले. मुख्तारच्या दुकानात दुसरी फळी झाली. ह्या खेपेला रसायन पेढेरावांनी स्वतः मोजून लावलं, अन् मुख्तार प्रत्येक हाताला कळवळत होता. "इतना कम? मियाँ, हमारे कूलर पे भी इससे ज्यादा लगता!" भजनी मंडळ पुन्हा बसलं, सरूबाई आपली जुनी साडी नेसून आली आणि मधोमध बसली. ती फळी एका हातात उचलता यायची. पेढेरावांनी ती स्टेशनापर्यंत टपावर बांधू दिली नाही. गाडीत घेतली, शेपूट खिडकीतून बाहेर काढलं, आणि नाक काकासाहेबाच्या कानाशी ठेवलं. काकासाहेबानं मान वाकडी करून स्टेशनापर्यंत गाडी हाकली.

जड फळी पहाडसिंगपुऱ्यातच राहिली. जड होती म्हणून ती पाण्यावर डळमळायची नाही, आणि याचा उपयोग पुढच्या उन्हाळ्यात कळला. माळावरच्या नव्या गावात बातमी पोचली होती, की बोडख्यांची द्वारका गावावरून फिरून येते. एका रविवारी काठावर पाच-सहा म्हाताऱ्या येऊन बसलेल्या दिसल्या. सगळ्या तिच्या माहेरच्या. सगळ्यात पुढं सारजाबाई, द्वारकाबाईची लहानपणची मैत्रीण, गुडघे धरून बसलेली.

"मला ने," ती म्हणाली. "मला पवता येत नाय आता. गुडघं गेलं."

द्वारकाबाईनं तिला फळीवर बसवलं, आपण मागून पाण्यात शिरली आणि ढकलत निघाली. सारजाबाई दोन्ही हातांनी कडा धरून ताठ बसली होती. ठरल्या जागी पोचल्यावर दोघींचा आवाज पाण्यावरून काठापर्यंत स्वच्छ येत होता.

"हितं मारुती," द्वारकाबाई म्हणाली.

"हितं कुठं मारुती? मारुती तिकडं. हितं आमचं परस."

"तुमचं परस चिंचंच्या पल्याड व्हतं."

"चिंच आमचीच व्हती!"

"चिंच तुमची? आमच्या आज्यानं लावलेली चिंच!"

काठावरच्या बाकीच्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या आणि चिंच कोणाची यावर त्यांच्यातही दोन तट पडले. मुख्तारनं डोक्याला हात लावला. गाव बुडून तीन दशकं होत आली होती, चिंच कुजून गेली होती, पण बांधाचा वाद अजून मिटला नव्हता.

"द्वारके," सारजाबाई शेवटी हुकूम सोडल्यासारखी म्हणाली, "जराशी अलीकडं हो. तू माझ्या चुलीवर उभी हायस."

द्वारकाबाईनं फळी अलीकडं घेतली. सारजाबाईनं वाकून पाण्यात हात घातला, आणि मग दोघी काठाकडं फिरल्या. काकासाहेबानं काठावर तीन दगडांवर चहाचं आधण ठेवलं होतं. सारजाबाई फळीवरून उतरून ओल्या पायांनी आली, कप हातात घेतला, एक घोट प्यायली आणि म्हणाली, "विहीर बघायची राहिली. फुडल्या रविवारी येते."